भूलशास्त्रातले संशोधन खोटे ठरवण्यापूर्वी

“मागे घेतलेल्या शोधनिबंधांच्या यादीत सर्वांत वर भूलतज्ज्ञ आहेत, म्हणजे या शाखेतले संशोधन खोटे, आणि त्यावर आधारलेली भूलही बेभरवशाची,” अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवरून सर्वत्र फिरतो आहे. मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, आणि यातला पहिला भाग खरा असल्यामुळेच उरलेल्या भागाला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वाधिक निबंध मागे घेतले गेलेल्या संशोधकांच्या यादीच्या माथ्याशी जपानचे योशिताका फुजी आणि जर्मनीचे योआखिम बोल्ट या भूलतज्ज्ञांची नावे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्ये फुजी यांचे २१२ निबंध तपासले आणि त्यांपैकी १७२ बनावट ठरवले. परंतु हे १७२ निबंध एकाच माणसाच्या नावावर आहेत. ते जणू वेगवेगळ्या संशोधकांचे आहेत असे धरून शाखेचा हिशेब मांडला, तर तो चुकणारच.

दुसरा मुद्दा असा की, निबंध अधिक मागे घेतले गेले म्हणजे लबाडीही अधिक झाली, हे गृहीत धरता येत नाही, कारण जिथे कोणी शोधतच नाही तिथे काही सापडतही नाही. इंग्लंडमधील भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजी यांच्या निबंधांतला सहसा कोणी न वाचणारा तक्ता वाचायला घेतला : उपचारांची तुलना करण्यासाठी पाडलेल्या दोन्ही गटांतील रुग्णांचे वय, वजन, उंची. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की ही सरासरी थोडी इकडेतिकडे होतेच. निबंधामागून निबंध ती योगायोगाने जुळावी त्याहून कितीतरी अधिक जुळत असेल, तर ते आकडे रुग्णांकडून आलेले नसतात. हीच पद्धत त्यांनी पुढे आठ नियतकालिकांतील, असे गट पाडून केलेल्या ५,०८७ चाचण्यांना लावली. त्यातून भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांवरील एका गाजलेल्या चाचणीतील गटवाटणीचे दोष पुढे आले, आणि तो निबंध २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्तीसह पुन्हा छापावा लागला. त्या चाचणीचा भुलेशी काहीही संबंध नव्हता.

खोट्या संशोधनाने रुग्णांना धोका झाला, हा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. बोल्ट यांनी शिरेतून द्यायच्या स्टार्चयुक्त द्रवाची सुरक्षितता सांगणारे निबंध वर्षानुवर्षे लिहिले. अत्यवस्थ रुग्णांवरील चाचण्यांचा २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेताना त्यांच्या सात चाचण्या वगळल्या, तेव्हा या द्रवामुळे मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो, हे स्पष्ट दिसले. आकड्यांच्या लबाडीची किंमत बाटली लावलेल्या रुग्णाने मोजली, आणि याचा मला मनापासून संताप आहे. तरीही त्या सात चाचण्या वेगळ्या काढून पाहण्याचे काम संशोधकांनीच केले, हेही तितकेच खरे आहे.

“म्हणून भूलच घेऊ नका” हा निष्कर्ष तर मुळीच निघत नाही. फुजी यांचा मुख्य विषय शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी हा होता. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र आणि उशाशी अखंड थांबलेला भूलतज्ज्ञ यांपैकी काहीही या दोघांच्या निबंधांवर उभे नाही.

खरी तक्रार करायची तर ती दिरंगाईची करावी. फुजी यांचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, असे पत्र २००० सालीच छापून आले होते. त्यानंतर चौकशी पुरी व्हायला बारा वर्षे गेली. कार्लाइल यांनी २०२१ मध्ये, ते स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकाकडे आलेल्या ५२६ चाचण्यांचा हिशेब मांडला. जिथे प्रत्येक रुग्णाची मूळ नोंद मिळाली अशा १५३ चाचण्यांपैकी ४४ टक्क्यांत खोटी माहिती आढळली. जिथे केवळ सरासरीचे तक्ते होते तिथे ती जेमतेम २ टक्क्यांत पकडता आली. तेव्हा संपादकांनी निबंधासोबत मूळ नोंदवही मागावी, आणि आपल्याकडच्या मार्गदर्शकांनीही एम.डी.च्या प्रबंधावर सही करण्याआधी विद्यार्थ्याने प्रत्येक रुग्णाची माहिती भरलेले केस-फॉर्म एकेक करून पाहावेत.