काकवी मधुमेह्याला चालते म्हणे!

गुऱ्हाळं पेटली की हा निरोप कोल्हापुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरू लागतो. यंदा तो मामांकडून आला, आणि मधुमेह असून त्यांनी रोज सकाळी दोन मोठे चमचे काकवी सुरूही केली. निरोप सांगतो: काकवीतली साखर म्हणजे फळांतलं फ्रुक्टोज, तिला इन्सुलिन लागत नाही, उकळताना साखरेचा दोष जळतो, लोह मिळतं, चरबी वाढत नाही.

दोष जळतो म्हणे! काहिलीतला रस १०५-१०६ अंशांना उतरवला की काकवी, ११८ च्या आसपास उतरवला की गूळ. उडतं ते पाणी, साखर तिथंच राहते. उलट आचेने आणि खडे धरू नयेत म्हणून टाकलेल्या सायट्रिक आम्लाने ती थोडी फुटते आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं होतं. उरलेली आतड्यात फुटते, निम्मं हे, निम्मं ते. दोन मोठे चमचे, म्हणजे ४० ग्रॅम काकवी घेतली की २५ ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते, आणि त्यातलं ग्लुकोज इन्सुलिन मागणारच.

लोह थोडंफार असतं, मान्य. पुढे.

फ्रुक्टोज पेशीत शिरायला इन्सुलिन लागत नाही, हेही खरं. पण दुखणं तिथंच आहे. यकृतात ग्लुकोजच्या वाटेवर एक नाका असतो: ऊर्जा पुरेशी झाली की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर मंदावतं. फ्रुक्टोज आडवाटेने हा नाका चुकवतं. जादा आलेल्यातून यकृत मेद बनवतं. काही स्वतःत साठवतं, काही ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडतं. या गडबडीत यूरिक आम्लही वाढतं. आणि 'मीटरवर वाढलं नाही' हा पुरावा नव्हे, कारण ग्लुकोमीटरची पट्टी फ्रुक्टोज मोजतच नाही.

चरबीचं उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २००९ च्या प्रयोगात आहे. वजन जास्त असलेल्या ३२ जणांना १० आठवडे एक चतुर्थांश उष्मांक गोड पेयांतून दिले, काहींना ग्लुकोजचे, काहींना फ्रुक्टोजचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी मात्र फ्रुक्टोजवाल्यांत जास्त वाढली, जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड चढले, इन्सुलिनचा परिणाम घटला. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड त्यांच्यात वाढलेच नाहीत! म्हणजे सकाळचा उपाशी रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होणारे इथंच फसतात.

दोन चमचे म्हणजे काही प्रयोगातली मात्रा नव्हे, हेही सांगायला हवं. पण त्यावर रसवंतीचा एक ग्लास आणि दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा पडले की दिवसाची साखर ९० ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमची आहे, तीत मध आणि रसही धरतात. अख्खं फळ धरत नाहीत. चावून खाल्लेल्या पेरूवर माझा राग नाही.

मामांनी पुढच्या तपासणीत जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइडही बघावेत. १७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले, तर तो कागद निरोपाऐवजी डॉक्टरांना दाखवावा.