खुलासा : मोरोक्कोचा तो पहिला गोल कोणाचा?

महिला फुटबॉल विश्वचषकातल्या मोरोक्कोच्या पहिल्यावहिल्या गोलाबद्दल ‘हिजाब घालून विश्वचषक खेळलेल्या मुलीनेच मोरोक्कोचा पहिला गोल केला’ असा मजकूर फोटोसह फिरतो आहे. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

फोटोतली खेळाडू नुहैला बेंझिना. ती बचावफळीत खेळते. सिनियर महिला विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी ती पहिली, हे मात्र खरं. गोल केला इब्तिसाम जराईदीने. ३० जुलै २०२३, अ‍ॅडलेड, समोर दक्षिण कोरिया. सहाव्या मिनिटाला उजवीकडून आलेल्या क्रॉसवर तिने हेडर मारला आणि मोरोक्को १-० ने जिंकला. दोघी त्या सामन्यात एकत्र होत्या, गोंधळ बहुधा तिथेच झाला. मी सामन्याचं चित्रण पुन्हा पाहिलं, फिफाची नोंदही तपासली.

त्या मजकुरातलं ‘कुठून तरी अचानक आलेली मुलगी’ हेही खरं नाही. जराईदी मोरोक्कोतल्या रबातच्या एएस फार क्लबची आघाडीची खेळाडू होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आफ्रिकन चॅम्पियन्स लीग या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या सनडाउन्स क्लबविरुद्ध तिने तीन गोल केले होते. इतक्या वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जावी, याचं मला फार वाईट वाटलं.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.