शीर्षक वाचून प्रबंधाला हसू नका

व्हॉट्सअॅपच्या गटांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘मुंबईतल्या विद्यापीठात पीएचडी कशावर चालते बघा. एकजण खाडीच्या चिखलावर, दुसरा जुन्या हिशेबाच्या कागदांवर, तिसरी घरकामगार बायकांवर. विषय क्षुल्लक, मजकूर उचललेला, वर्षानुवर्षं सरकारी पैसा, आणि शेवटी प्रबंध कपाटात.’ यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘विषय क्षुल्लक.’ सगळ्यात जास्त हशा यालाच मिळतो. ‘मुंबईचं प्रदूषण’ असा विषय घेऊन आलेल्याला कुठलाही चांगला मार्गदर्शक परत पाठवतो, कारण तो मोजता येत नाही. कोणता धातू, पाण्यात की गाळात, कुठल्या पट्ट्यात, पावसाआधी की नंतर, हे ठरवत ठरवत विषय ‘ठाणे खाडीच्या ऐरोली ते वाशी पट्ट्यातल्या गाळातलं शिसं आणि पारा’ इथवर येतो. मग कामाला सुरुवात. गाळ प्लास्टिकच्या चमच्याने काढायचा. धातूच्या खुरप्याने काढला तर खुरप्याचाच अंश नमुन्यात उतरतो. शिशासाठी नमुना 105 अंशांवर वाळवला तरी चालतो, पाऱ्यासाठी मात्र 40 अंशांच्या आसपासच ठेवायचा, नाहीतर पारा उडून जातो. पुढे 63 मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून चाळायचं. ही पायरी टाळली की वर्षभराचं काम पाण्यात. धातू बारीक कणांना जास्त धरून राहतात, त्यामुळे एका जागची रेती आणि दुसऱ्या जागचा चिखल तसाच तोलला तर दिसणारा फरक प्रदूषणाचा नसतो, कणांच्या आकाराचा असतो. आम्लात विरघळवताना प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना, म्हणजे नुसतं आम्ल, आणि धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असलेला एक प्रमाणित नमुना सोबत चालवायचा. कोऱ्यातच शिसं दिसलं तर ती अख्खी खेप बाद. खाडीतल्या मासळीबद्दल पुढे कुणाला ठामपणे बोलायचं असेल तर पाया हाच आकडा असतो.

हिशेबाच्या कागदांचंही तसंच. मोडी लिपीत शब्दांमध्ये अंतर नसतं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि मराठेशाहीतल्या कागदांवर तारीख बहुधा शुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेची, तीही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1 आणि 60 आणि 100 आणि 1000, एकूण 1161. इसवी सन काढताना यात 599 मिळवायचे की 600, हे महिन्यावर ठरतं, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर 599, जानेवारीपासून पुढे 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, सन 1161 मधली. डोळे झाकून 599 मिळवणारा ती 1760 मध्ये नेऊन ठेवतो. धान्याचे भाव, कर्जं, सैन्याचा खर्च यांचा क्रम लावताना एका वर्षाची चूक म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल.

घरकामगार बायकांवरचा अभ्यास तर या शहराच्या जुन्या परंपरेतला आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. ‘महिन्याला किती मिळतात?’ या प्रश्नाचं उत्तर इथे उपयोगी नसतं. भांडी, कपडे, लादी यांचे दर घरागणिक वेगळे, खाडे कापण्याची रीतही वेगळी, म्हणून प्रत्येक घर आणि प्रत्येक काम सुटं विचारावं लागतं. आणि मालकिणीच्या स्वयंपाकघरात घेतलेली मुलाखत जमेस धरायची नाही.

‘मजकूर उचललेला.’ असे प्रबंध आहेत, आणि त्याचा आम्हाला राग आहे. पण पकडायची सोय नाही, हे खोटं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी, 60 च्या वर नोंदणीच रद्द. रीतसर दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची यातून वगळतात. खरी भोकं वेगळीच आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर संगणकाला निरर्थक अक्षरांची माळ दिसतो, स्कॅन केलेलं पान नुसतं चित्र असतं, आणि इंग्रजीतून गुपचूप मराठीत आणलेलं प्रकरण शब्दाला शब्द जुळवून सापडत नाही. तिथे जाणकार परीक्षकच लागतो. कालखंड, साधनं, प्रश्न यांतलं काहीच न सांगणारा नुसता ‘एक चिकित्सक अभ्यास’ शीर्षकात दिसला की आम्हीही सावध होतो. म्हणजे संशय घ्यायचाच तर तो फार रुंद विषयाचा घ्यावा.

‘वर्षानुवर्षं सरकारी पैसा.’ आयोगाच्याच 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन. दर सत्राला सल्लागार समितीपुढे काम मांडावं लागतं. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर 42,000. ती मोजक्यांनाच मिळते. बाकीच्यांत कॉलेजात शिकवून, लोकलने कलिन्याच्या विद्यापीठ परिसरात येऊन, शनिवार-रविवार ग्रंथालयात बसणारे खूप आहेत.

‘प्रबंध कपाटात.’ आता ते ‘शोधगंगा’ या खुल्या भांडारात जातात आणि फुकट वाचता येतात. उपयोगाचं म्हणाल तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. विषय काय, तर ताडामाडाचा रस. त्यातली अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह त्यांनी मोजून दाखवलं, आणि गरिबाच्या आहारात नीरा का हवी याला आधार मिळाला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुढचा मजकूर पाठवण्याआधी शोधगंगेवर तो प्रबंध शोधा, शीर्षक सोडून थेट संशोधनपद्धतीच्या प्रकरणावर जा. नमुने किती, कुठून, कधी, आणि चूक कशी पकडली, हे तिथे लिहिलेलं नसेल तर खुशाल टीका करा. आम्हीही तुमच्या बाजूने असू.