घंटी वाजली की तुम्हीपण बंद

लग्नाचा खरा मालक कोण, असं विचाराल तर आमच्या सिंधुदुर्गात तरी तो व्हिडिओवाला. वीस वर्षं धंद्यात आहे म्हणून सांगतो. मुलीचा बाप कर्ज काढतो, गुरुजी मंत्र म्हणतात, पण चालू लग्न थांबवायची ताकद फक्त माझ्यात. "गुरुजी, जरा थांबा, बॅटरी बदलतो." गुरुजी थांबतात. "माळ परत घाला, मामांचं डोकं मधे आलं." माळ परत पडते. एका नवरीच्या गळ्यात तर मी मंगळसूत्र तीनदा बांधून घेतलंय. पाठवणीला एका बापाचं रडणं नीट आलं नव्हतं, तर तो बिचारा परत रडला. दुसऱ्यांदा जास्त चांगलं रडला, हेही खरं.

अशा माणसाला चर्चमधल्या लग्नाची ऑर्डर मिळाली.

सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च मी लहानपणापासून बाहेरून पाहिलेलं. २००५ साली पुण्यापासून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला आणि हे चर्च त्याचं कॅथेड्रल झालं. त्याच वर्षी मी माझा पहिला कॅमेरा घेतला. पण आम्ही एकमेकांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. ही ऑर्डरही तिथली नव्हती. वेंगुर्ल्याच्या बाजूला माडांत लपलेलं एक छोटं, पांढरंधोप चर्च. मुलगा बोटीवर, मुलगी नर्स. मुलाची सुट्टी मोजून दिलेली, त्यामुळे ईस्टर झाल्याबरोबरची तारीख. त्याआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ, त्यात सहसा लग्नं लावत नाहीत. नाताळाआधीच्या आगमनकाळातही तसंच. म्हणजे चातुर्मास फक्त आपल्याकडेच असतो, ही माझी समजूत चुकीची निघाली. तेव्हापासून भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत आणि दोन्हीकडचे मोकळे महिने मीच उपाशी काढतो.

फादरनी आदल्या दिवशी बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच व्हिडिओवाल्याला कोणी 'बसा' म्हणालं.

"वेदीच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. फ्लॅश नको. प्रवचन चालू असताना फिरायचं नाही. परमप्रसाद घेणाऱ्यांच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही. आणि घंटी वाजली की लाइट बंद, तुम्हीपण बंद."

मी मान डोलावली. मग धंद्याचं विचारलं, "फादर, तुम्ही लग्न लावताना तुमचा एक क्लोजअप..."

"मी लग्न लावत नाही."

मी घाबरलो. आता कोण येणार, मामलेदार?

"आमच्यात नवरा-नवरीच हा संस्कार एकमेकांना देतात. मी चर्चतर्फे साक्षीदार. माझा चेहरा नाही आला तरी चालेल, त्या दोघांचे शब्द मात्र यायला हवेत."

"आणि नाही आले, तर परत म्हणायला सांगाल ना?"

फादरनी चष्मा काढून पुसला. "का? पहिल्यांदा खोटं म्हणतील काय?"

वीस वर्षांची माझी मालकी त्या एका वाक्यात खालसा झाली.

रात्रभर झोप नाही. लाइट लावायची सोय नाही, म्हणजे खिडकीतून येईल तेवढाच उजेड. आमच्या आधीच्या पिढीकडे एक हजार वॅटची सनगन असायची. ती तोंडासमोर धरली की नवरीची पावडर वितळून हनुवटीवर यायची, पण पिक्चर लखलखीत. माझ्या वाट्याला चार वाजताचं ऊन आणि वर ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणून शटर पन्नासवर ठेवलं, नाहीतर अख्खं लग्न लुकलुकतं. नवऱ्याच्या कोटात कॉलर माइक, कोरसच्या माळ्यावर दुसरा कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि त्याच्याशेजारी माझा मेव्हणा. मेव्हण्याला एवढंच सांगितलं, "कशाला हात लावू नको."

दारात आलो आणि सवयीने बूट काढले. देवाच्या दारात बूट घालून जायचं, हे पायांना पटेचना. आत बघतो तर सगळे बुटांत. एक म्हातारी माझ्या पायांकडे बघून कळवळली, "झिला, पायात घालून ये रे, लादी थंड आसा." पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की पायमोज्यांवर चाललं की आवाजच येत नाही. वीस वर्षांत मला न सुचलेली गोष्ट थंड लादीने सुचवली. मी मांजरासारखा फिरू लागलो. मात्र गुळगुळीत लादीवर मांजर कधी कधी ठरवल्यापेक्षा दोन फूट पुढे जाऊन थांबतं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाली. प्रवचनात मी खांबाला टेकून पुतळा झालो. कानाला हेडफोन. आणि त्या हेडफोनमध्ये, फादर प्रेमाच्या सहनशीलतेवर बोलत असताना, नवऱ्याची कुजबुज ऐकू आली, "जेवणात सोरपोतेल आसा मां?" मित्राचं उत्तर, "गप रव, फादर बघता." हसू दाबताना माझ्या पोटाला जे धक्के बसले, ते सगळे व्हिडिओत आहेत. प्रवचनाच्या चौथ्या मिनिटाला वेंगुर्ल्यात भूकंप झाल्यासारखं दिसतं.

मग सगळे उभे राहिले. उजवा हात हातात घेऊन नवऱ्याने वचन दिलं, सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात. सोरपोतेलवाला हाच का, असा प्रश्न पडावा इतका त्याचा आवाज बदलला होता. नवरीचा आवाज मधेच अडकला. माझ्यातला मालक जागा झाला, तोंडावर आलं होतं, 'ताई, एकदा परत.' मी जीभ चावली. तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याने फोकस पकडला आणि त्या शांततेत स्पष्टपणे म्हणाला, "पिक्‌." पहिल्या चार रांगा मागे वळल्या. मीपण वळलो, जणू आवाज माझ्या मागून आला.

थोड्या वेळाने घंटी वाजली. सगळं चर्च एकदम गुडघ्यांवर, जसं वाऱ्याने भात आडवं व्हावं, आणि मधल्या वाटेत मी एकटा उभा, बुजगावणं. 'तुम्हीपण बंद' आठवलं. मीही गुडघे टेकले. पाठीमागे काही तरी खसखसलं. म्हटलं, एवढ्या गंभीर वेळी लोक हसतात कसे?

परमप्रसादाच्या वेळी कॅमेरा मेणबत्त्यांकडे वळवला. सहज रांगेकडे नजर गेली, तर रांगेत मेव्हणा. उजव्या तळव्याखाली डावा तळवा, अगदी सत्यनारायणाला उभा राहतो तसा. पळता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. पायमोज्यांवरून घसरत पोचलो, तोवर तो फादरसमोर. फादरनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मेव्हणा प्रसन्न होऊन परतला. बाहेर आल्यावर म्हणतो, "भावोजी, प्रसादाक नाय म्हणूचा नसता." परमप्रसाद फक्त त्यांच्या श्रद्धेतल्यांसाठी असतो, हे त्याला नीट सांगितलं. तो ओशाळला आणि फादरना भेटून माफी मागून आला. येताना दोन केकचे तुकडे घेऊन आला.

रजिस्टरवर सह्या झाल्या. नवरा, नवरी, दोन साक्षीदार. फादर जाता जाता माझ्याजवळ थांबले. "आवाज आला?"

"आला, फादर. अडकलेला पण आला."

"तो ठेवा."

घरी एडिटिंगला बसलो. माळ्यावरचा कॅमेरा मेव्हणा सोडून गेला तरी चालूच होता. त्यात घंटी वाजते, दोनशे माणसं गुडघे टेकतात, मधल्या वाटेत मी टेकतो, आणि माझ्या उजव्या पायमोज्याला टाचेपाशी एक भोक, त्यातून अख्खी टाच पौर्णिमेच्या चंद्रासारखी वर आलेली. मागे वाकून बघत होती. बायको म्हणाली, "तरी मी सकाळी सांगत होते."

मी तो भाग कापला. नवरीच्या आईने फोन करून तो परत घालून घेतला. कसा कळला, तर मागच्या दहाही रांगांना आधीच माहीत होता.

नाताळात त्यांच्या घरून डबा आला. नेवऱ्या, दोदोल, आणि खाली कागदात गुंडाळलेले काळे पायमोजे, दोन जोड. एक माझा, एक मेव्हण्याचा.