सीटी स्कॅनवरून इम्युनोथेरपीचा निकाल लागत नाही

कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: एआय आता साध्या सीटी स्कॅनवरून इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) लागू पडणार की नाही ते आधीच सांगतं, त्यामुळे बायोप्सीची गरज नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली तर औषध बंद करा. जिवावर बेतू शकेल असा हा सल्ला आहे. एकेक मुद्दा पाहू.

"एआय आधीच सांगतं." यामागे खरं संशोधन आहे. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये सीटीवर दिसणाऱ्या गाठीच्या पोतावरून, म्हणजे करड्या छटांच्या नक्षीवरून, एक स्कोअर काढला. कॅन्सरवर तुटून पडणाऱ्या सीडी8 या प्रतिकारपेशी गाठीत किती शिरल्या असाव्यात, याचा तो अंदाज. इम्युनोथेरपी घेतलेल्या 137 रुग्णांत जास्त स्कोअरच्या गटातले निम्मे रुग्ण 24.3 महिन्यांहून अधिक जगले, कमी स्कोअरच्या गटात हाच आकडा 11.5 महिने. फरक मोठा आहे, पण तो दोन गटांमधला. हाच स्कोअर वेगळ्या रुग्णांवर पडताळला तेव्हा एयूसी (ओळख किती अचूक होते याचं माप) 0.67 आला. म्हणजे सीडी8 पेशी जास्त असलेला एक आणि कमी असलेला एक, अशी जोडी समोर ठेवली तर जास्त कोणाच्या गाठीत हे शंभरात साधारण 67 वेळा बरोबर ओळखता येतं. नाणं उडवलं तरी 50 वेळा जमतं. एवढ्या आधारावर आपल्या माणसाला औषध नाकारायचं का?

"डोळ्याला न दिसणारं मशीनला दिसतं." कधी कधी दिसतं. पण 2014 मध्ये गाजलेली, फुफ्फुसाच्या कॅन्सरमधलं आयुर्मान वर्तवणारी अशीच एक पद्धत टोरांटोच्या संशोधकांनी 2019 मध्ये तपासली. त्यांनी गाठीच्या चित्रातले पिक्सेल मुद्दाम विस्कटून टाकले. भाकीत जवळपास तेवढंच बरोबर येत राहिलं! मशीन पोत वाचत नव्हतं, मुख्यतः गाठीचा आकार मोजत होतं. ती पद्धत इम्युनोथेरपीची नव्हती, पण धडा इथेही लागू आहे. शिवाय स्लाइसची जाडी किंवा मशीनची सेटिंग बदलली की पोताचे आकडेही बदलतात.

"बायोप्सी नको." सुईने काढलेला तुकडा एकाच जागेचा असतो, ही तक्रार रास्त आहे. नेदरलँड्समध्ये 22 रुग्णांना अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषधच किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून दिलं आणि पेट स्कॅनवर ते कुठे साचतं ते पाहिलं. एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींत ते कमी-जास्त साचलं होतं, आणि प्रतिसादाचा अंदाज तुकड्यावरच्या पीडी-एल1 (प्रतिकारपेशींना रोखणारं प्रथिन, ज्याला हे औषध चिकटतं) तपासणीपेक्षा सरस ठरला. मला हे काम फार आश्वासक वाटतं. पण रुग्ण अवघे 22. आणि बायोप्सी फक्त पीडी-एल1 साठी नसते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकात म्युटेशन (बदल) निघालं तर सहसा आधी त्यावरच्या खास गोळ्या दिल्या जातात, कारण तिथे एकट्या इम्युनोथेरपीचा उपयोग बहुधा कमीच होतो. आपल्याकडे हे म्युटेशन बऱ्यापैकी आढळतं. ते सीटीवर खात्रीने कळत नाही.

"गाठ वाढली, औषध बंद करा." सगळ्यात घातक वाक्य हे. मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान 20 टक्के आणि 5 मिलिमीटरने वाढली की नेहमीच्या निकषांनुसार आजार बळावला असं धरतात. पण इम्युनोथेरपीत प्रतिकारपेशींची गर्दी झाल्यानेही गाठ काही काळ फुगते. म्हणून इम्युनोथेरपीसाठी बनवलेल्या 2017 च्या 'आयरेसिस्ट' निकषांत अशा वाढीला आधी 'अनिश्चित' म्हणतात आणि रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर 4 ते 8 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. अशी खोटी वाढ थोड्याच रुग्णांत दिसते. बहुतेकदा वाढ खरीच असते. त्यामुळे वजन उतरतंय, धाप वाढतेय, दुखणं वाढतंय, तर थांबून राहणंही चूक. हा निवाडा रुग्णाला तपासणारे ऑन्कॉलॉजिस्टच करू शकतात.

स्कॅन दाखवायला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. उपचाराआधीच्या स्कॅनची सीडी सोबत न्या, आणि जमलं तर पुढचा स्कॅन त्याच सेंटरला करा.