चलानावर नाव कुणाचं?

सकाळी सकाळी टीव्हीवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "टॅरिफ लावलं की पैसे समोरचा देश मोजतो." टॅरिफ म्हणजे आयात मालावरची ड्यूटी. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

अहो, माझी पहिली नोकरी क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे होती. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा फॉर्म भरायचा, ड्यूटीचं चलान काढायचं, पैसे कधी येतात याची वाट बघायची. दोन वर्षांत चलानांचे गठ्ठे काढले. एकावरही परदेशी कंपनीचं नाव नव्हतं. एकावरही नाही! भरणारा आपलाच आयातदार, आणि तो वसूल करणार आपल्याच गिऱ्हाइकाकडून.

बाहेरचा विक्रेता कधीकधी भाव थोडा उतरवतो, मान्य. पण 2018 मध्ये अमेरिकेनं आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावलं, तेव्हा मशीन साधारण 12 टक्क्यांनी महागली. तिथल्या कंपन्यांनीही संधी साधून भाव चढवले. कपडे वाळवायच्या ड्रायरवर तर टॅरिफ नव्हतंच, तरी तोही महागला, कारण लोक दोन्ही जोडीनं घेतात! नोकऱ्या वाढल्या, नाही कशाला म्हणू? सुमारे 1,800. एकेक नोकरी लोकांना 8 लाख डॉलरला पडली. याला देशप्रेम म्हणायचं?

आणि 1930? अमेरिकेनंच शेतकऱ्यांना वाचवतो म्हणत टॅरिफ वाढवणारा स्मूट-हॉले कायदा आणला. 1,028 अर्थतज्ज्ञांनी 'नको' म्हणून कळवलं, तरी राष्ट्राध्यक्ष हूवर साहेबांनी सही केली. मग कॅनडानं आणि युरोपातल्या देशांनी उलट टॅरिफ लावलं आणि त्याच शेतकऱ्यांचा माल बाहेर जाईना.

नव्या उद्योगाला काही वर्षं टॅरिफचा आडोसा लागतो, एवढं मलाही कळतं. पण ही वर्षं संपतात कधी?

जाऊ दे. मला खरं तर तो माणूस आठवतोय. छोटा कारखानदार, बाहेरून खास पोलाद मागवून सुटे भाग बनवायचा. ड्यूटी वाढली त्या आठवड्यात त्याचा कंटेनर बंदरात अडकला होता, रोज डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चढत होतं आणि गिऱ्हाइकाला जुना भाव कबूल करून बसला होता. माझ्या टेबलासमोर बसून हळूच म्हणाला, "आकडा पुन्हा एकदा बघता का? एखादं शून्य जास्त पडलं असेल."

मी तीनदा बघितलं. आकडा बरोबर होता. त्यानं पैसे भरले, कंटेनर सोडवला. त्याच्या नावाचं पुढचं चलान काही मी काढलं नाही.