३,५०० किलो ओढणारी गाडी आणि हिचवरचे ९५ किलो : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पिकअपला कॅम्पिंगचा ट्रेलर जोडण्याआधी भरलेल्या गाडीचं धरमकाट्यावर वजन करा, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ते लोकांना उगाच घाबरवणं वाटलं. तुम्ही लिहिलंत, ‘कंपनीच ओढायला ३,५०० किलो सांगते, माझा ट्रेलर हजार-बाराशेचा. आपल्याकडे ट्रॅक्टर कापसाच्या ट्रॉल्या ओढून राहिले अन् तुम्ही किलो-किलो मोजून राहिले.’ आणि शेवटी सल्ला दिलात, की गाडी मागून बसत असेल तर ट्रेलरमधलं सामान मागे सरकवा, नाहीतर पिकअपच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवा.

हा शेवटचा सल्ला वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. तो पाळून कुणी कुटुंबाला घेऊन हायवेला लागलं तर काय होईल, हे मी स्वतः पाहिलंय.

आधी तो ३,५०० चा आकडा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स या पिकअपसाठी तो दिला जातो, पण स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी. ट्रेलरला ब्रेक नसले की त्याच गाड्यांसाठी आकडा ७५० वर येतो. आपल्याकडची तीच गाडी घेतली तरी तिच्या मॅन्युअलमध्ये आणि आरसीवर जे लिहिलंय तेच धरायचं. पण समजा ३,५०० खरेच आहेत. तरीही ते संपायच्या कितीतरी आधी दुसरा आकडा संपतो, आणि तो ट्रेलरचा नसतो, पिकअपचाच असतो.

माझाच आधीचा हिशोब मांडतो. माझ्या पिकअपचं आरसीवरचं भरलेल्या गाडीचं कमाल वजन २,७०० किलो. टाकी फुल्ल करून, आत कुणी न बसता काट्यावर २,१२० आले. म्हणजे हाती ५८० राहिले. आम्ही पाच जण, आईसकट, ३१० किलो. राहिले २७०. हौद्यावरचं झाकण आणि वरचा रॅक ९०. हिचची, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडणीची, चौकट ३५. हौद्यात तंबू, पेटी, पाण्याचे दोन जार, शेगडी असं ११० किलो. आता शिल्लक ३५. आणि हिचवर ट्रेलर टेकतो तो ९५ किलोंनी! ट्रेलर अख्खा १,१८० चा, म्हणजे ३,५०० च्या जवळपासही नाही, आणि गाडी मात्र ६० किलोंनी ओव्हरलोड. ट्रेलर किती ओढवेल हा प्रश्न येण्याआधीच गाडी भरून गेलेली असते. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, माझंही दोन वर्षं चुकत होतं.

त्यातही हे ९५ किलो नुसते मागे बसत नाहीत. टो बॉल, म्हणजे हिचचा ज्यावर ट्रेलर बसतो तो गोळा, मागच्या चाकांच्या मागे असतो, साधारण १.२ मीटर. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३,०८५ मिलिमीटर आहे. या मापाने १०० किलो हिचवर टेकले की मागच्या अ‍ॅक्सलवर १३९ पडतात आणि पुढच्यावरचे ३९ कमी होतात. पुढची चाकं वळवतात आणि ब्रेकचं मोठं काम करतात, तीच हलकी होतात.

तुमच्या ट्रॅक्टरकडे याच डोळ्याने बघा. कापसाची ठासून भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. म्हणूनच पुढे लोखंडी वजनं लावतात. पिकअपमध्येही तेच होतं, फक्त बॉनेट डोळ्यांदेखत वर येत नाही म्हणून कळत नाही. शिवाय ट्रॅक्टर वीसने चालतो. वेग वीसचा ऐंशी झाला की तेच वजन थांबवायला सोळापट ऊर्जा जिरवावी लागते. नागपूरहून मनसरच्या पुढे ४४ नंबरच्या हायवेवर आपण कुणीही वीसने जात नाही.

आणि मनसरच्या पुढेच ते झालं. देवलापारकडे निघालो होतो. तेव्हा पाण्याची टाकी ट्रेलरच्या मागच्या टोकाला होती, चाकांच्या दीड मीटर मागे, ८० लिटर, म्हणजे सरळ ८० किलो. त्याच्याही मागे मुलांच्या दोन सायकली बांधल्या होत्या. गाडी मागून अजिबात बसली नव्हती, छान सपाट दिसत होती. ऐंशीला असताना एक व्होल्वो बाजूने गेली आणि आरशात ट्रेलर आधी डावीकडे सरकलेला दिसला, मग उजवीकडे, मग आणखी जास्त डावीकडे. पिकअपचा मागचा भाग त्याच्याबरोबर फेकला जात होता. आईने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली ते मला आतल्या आरशात दिसलं. ब्रेकवर जाणारा पाय कसाबसा आवरला, ॲक्सिलरेटर सोडून दिला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. चाळीसच्या आसपास ट्रेलर शांत झाला. घरी येऊन मोजलं तर हिचवर फक्त ३५ किलो होते. टाकी चाकांच्या जरा पुढे आणली, सायकली हौद्यात घेतल्या, तेव्हा ते ९५ झाले. हौदा जड झाला म्हणून मग रॅक उतरवला आणि अर्धं सामान घरी ठेवायला लागलो.

तेव्हा सामान मागे सरकवून गाडी सपाट दिसेल, पण ट्रेलरचं शेपूट जड होईल आणि तो कधी डुलेल याचा नेम नाही. पाटा वाढवून गाडी उचलली जाते, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आहेत तेवढेच राहतात, आणि पुढची चाकं हलकी ती हलकीच.

एका बाबतीत मात्र चूक माझी होती, आणि ती मान्य करतो. हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवाच, असं मी सरसकट लिहिलं होतं. तो अमेरिकेतला नियम आहे. युरोपात हलक्या ट्रेलरना त्याहून बराच कमी भार ठेवतात, कारण तिथल्या अनेक गाड्यांच्या हिचची मर्यादाच ७५ ते १०० किलोंची असते. माझे ९५ म्हणजे आठ टक्के. मूळ लेखात दुरुस्ती करतोय.

ट्रेलर बनवणाऱ्याच्या शब्दावर मात्र जाऊ नका. मला ७५० किलो सांगितलं होतं, काट्यावर रिकामा ट्रेलर ८९० भरला. वर भरलेला सिलिंडर ३० किलो, इन्व्हर्टरची बॅटरी ५५, कूलर, खाटा, पाणी. टायरवर ९१ हा भारांक आहे, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, दोन्ही मिळून १,२३०. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, हवा जरा कमी असताना, समृद्धीच्या काँक्रीटवर त्या टायरांकडून यापेक्षा जास्त मागायची माझी हिंमत नाही.

काट्यावर पाणी, डिझेल, माणसं, सगळं भरूनच जा. आधी ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त पिकअप काट्यावर घ्या, ट्रेलरची चाकं बाहेर. ही पावती आरसीवरच्या आकड्याशी ताडायची. मग दोन्ही मिळून वजन घ्या. दोन पावत्यांतला फरक म्हणजे ट्रेलरच्या टायरांवरचा भार. हिचवरचं वजन तिथे नीट कळत नाही, ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलो इकडे-तिकडे चालतात. ते घरी मोजा. ट्रेलर सपाट जागेवर लावा, चाकांना अडण लावा, जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं टेकूचं छोटं चाक) उचला आणि कपलर (टो बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) हिचच्याच उंचीवर लाकडाच्या ठोकळ्याने बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवा.

नागपुरात कळमन्याच्या बाजूला रविवारी सकाळी काट्यावर फारशी रांग नसते. या रविवारी मी जातोय, नवा कूलर घेतलाय तो धरून पुन्हा वजन करायचंय. तुम्हीही ट्रेलर घेऊन या भाऊ, आरसी तेवढी बरोबर आणा.